मोहफुलांनी भरलेलं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. जिल्ह्याच्या क्रीडा संकुलातल्या सामानाच्या खोलीत, फाटक्या जाळ्या आणि हवा गेलेल्या चेंडूंच्या शेजारी, माझी बरीच वर्षं गेली. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे. आकडा मात्र अजून बिनचूक दाखवतो, एवढा तोरा मला मिरवू द्या.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या दवाखान्यात पंख्याखाली आयुष्य आरामात जाईल. पण नशिबी आले प्रवीण सर. ते क्रीडाशास्त्र शिकलेले. खेळाडूंची नाडी, घाम, झोप, जेवण सगळं तपासायचं आणि त्यांना सल्ला द्यायचा, हे त्यांचं काम. दर शनिवारी ते मला टॉवेलात गुंडाळून मोटारसायकलला बांधत आणि आरमोरीपलीकडच्या एका जंगलातल्या गावी नेत. रस्त्याने माझं अंग खिळखिळं होऊन जाई. तरी त्या सकाळी आठवल्या की आजही हुरहूर लागते.

शाळेच्या मैदानावरून मुलंमुली जंगलवाटेने बारा किलोमीटर धावायला निघत. निघण्याआधी एकदा माझ्यावर उभी राहत, परत आल्यावर घाम पुसून पुन्हा एकदा. वजन जेवढं उतरलं, तेवढं पाणी अंगातून गेलं, असा सरांचा हिशोब. तो सरांना ठाऊक होता आणि मला. मुलांना कुणी समजावून सांगितला नव्हता.

सगळ्यांत वेगवान होती करिश्मा. मोहाच्या दिवसांत अख्खं गाव पहाटे झाडाखाली फुलं वेचायला जातं, पण तिची आई सोनीबाई एकटीने वेचायची आणि लेकीला धावायला पाठवायची. राज्याच्या शिबिराची निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. त्या शनिवारी करिश्माचं वजन सव्वा किलोने उतरलं. सर घाईत होते. म्हणाले, "असं वजन घटलं तर शिबिराला नाव पाठवता येणार नाही." धावताना पाणी पीत जा, असं त्यांना म्हणायचं होतं. तेवढंच नेमकं राहून गेलं.

पुढच्या शनिवारी तिचं वजन जेमतेम तीनशे ग्रॅमने उतरलं. सर खूश झाले, शाबासकी दिली आणि तिचं अंतर वाढवलं. मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. जेवढा भार, तेवढा आकडा. पण तिच्या सैल जॅकेटखाली, कमरेला बांधलेल्या ओढणीत किलोभर मोहफुलं होती. त्या दिवसांत सगळ्या गावालाच मोहाचा वास येतो, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मी काय करणार? मला आकड्यांपलीकडे बोलता येत नाही. त्या दिवशी मला माझीच चीड आली.

चाचणीला आठवडा उरला असताना ती सोळा किलोमीटर धावून आली. ऊन चढलं होतं. ओठ कोरडे पडले होते, पोटऱ्यांत गोळे आले होते. एक पाय माझ्यावर ठेवला, दुसरा उचलला आणि ती कोसळली. ओढणीची गाठ सुटून मोहफुलं माझ्या काचेवर पसरली.

सरांनी तिला सावलीत निजवलं, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. बरं वाटल्यावर हळूच विचारलं, हे काय गं?

"तुमीच म्हणाले ना सर, वजन घटलं नाई पाहिजे," ती म्हणाली. "म्हून येता येता भरून आणलं."

तोवर सोनीबाई धावत आली होती. ती लेकीवर रागावली नाही. सरांकडे बघून म्हणाली, "आमी काटा पाह्यला तो मोह घेनाऱ्या व्यापाऱ्याचा. त्याच्यावर वजन भराच लागते. तुमी कायच्यासाठी मोजून राह्यले, हे कोनी सांगतलंच नाई आमाले."

सरांनी मान खाली घातली. "चूक माझी आहे, बाई," एवढंच बोलले.

मग आठवडाभर ते रोज आले. मुलांना मोहाखाली बसवून घाम म्हणजे काय, तहान म्हणजे काय ते सांगितलं. धावण्याच्या वाटेवर दोन झाडांना पाण्याच्या बाटल्या टांगल्या. दोन दिवस विश्रांती घेऊन करिश्मा जॅकेटशिवाय, हळूहळू धावली. वजन चारशे ग्रॅमने उतरलं, तेही अगदी खरं. चाचणीत तिची निवड झाली तेव्हा सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तसं कौतुक पुन्हा झालं नाही.

पुढे संकुलात मोठं यंत्र आलं. ते अंगातली चरबी सांगतं, पाणी सांगतं, कागदही छापून देतं. मी सामानाच्या खोलीत गेलो. माझे सेल काढायचंही कुणाला सुचलं नाही, ते आतच गळले.

गेल्या महिन्यात दार उघडलं. करिश्मा होती. देशासाठी धावून आलेली, आता त्याच गावच्या मुलींना शिकवणारी. तिने माझा गंज खरवडला, नवे सेल घातले आणि मला त्याच मैदानावर नेलं.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना कोरडं ठेवा, अधूनमधून पुसा, आम्ही पुष्कळ वर्षं साथ देऊ. पण आमच्यापेक्षा जास्त जपा ते आमच्यावर उभ्या राहणाऱ्याला.

परवा रीता नावाची मुलगी धावून आली आणि माझ्यावर उभी राहिली. मी लगेच आकडा दाखवला. करिश्माने खाली बसून काचेवर तळहात ठेवून आकडा पुरता झाकला आणि आधी तिला विचारलं, "पानी पेली का? डोकं दुखते का?"

रीता सगळं सांगेपर्यंत तिने हात उचलला नाही. मला मुळीच वाईट वाटलं नाही.