प्लायच्या भिंतीआडून

थोरलीने "आज कसं वाटतंय?" असं टाइप केलं आणि प्लायच्या भिंतीपलीकडे यंत्राने ते गोड आवाजात विचारलं. यंत्राला गळा मिळाला होता, अक्कल अजून यायची होती. तोवर ती आडून माणसाने पुरवायची आणि समोर बसलेल्याला पत्ता लागू द्यायचा नाही, अशी या चाचणीची रीत. आज चाचणीला बसायला ठरलेले एक आजोबा ऐनवेळी फिरकलेच नाहीत, म्हणून थोरलीने आपल्या आईलाच आणून बसवलं होतं. स्वतः मीटिंगला चालल्याची थापही मारली होती.

"बरं वाटतंय," पडद्यावर दिसणारी आई म्हणाली. "तू बरा ऐकतोस रे. आमची थोरली मधेच फोन बघते."

थोरलीला हसू आलं. "तिला कामं असतील," तिने लिहिलं.

"असतातच. पण तुझ्या आत काय टकटकतंय एवढं?"

थोरलीने बोटं हलकी केली. कळा बडवायची तिला शाळेपासूनची सवय. 'फोडशील एक दिवस तो कीबोर्ड,' हे आईचं पालुपद ऐकतच ती इंजिनिअर झाली होती.

आईने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला.

"मागच्या आठवड्यात एकटीच डॉक्टरांकडे जाऊन आले," ती म्हणाली. "गाठ आहे. पसरलीय. फार तर सहा महिने, म्हणाले."

पडद्याच्या कोपऱ्यात शांततेचे सेकंद मोजले जात होते. दोन सेकंदांहून जास्त यंत्र गप्प राहिलं की समोरचा माणूस बिथरतो, हा नियम थोरलीनेच घालून दिलेला. आकडा अकरावर गेला, बारावर गेला. तिने 'आई' लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. डोळ्यांपुढचं सगळं धूसर झालं होतं. शेवटी यंत्राला शोभेल असं एक वाक्य तिने कसंबसं जुळवलं.

"मुलीला सांगितलंत का?" यंत्राने गोड आवाजात विचारलं.

आईने यंत्राकडे पाहिलंच नाही. टकटक जिथून येत होती, त्या भिंतीकडे तिने मान वळवली.

"सांगितलं की," ती म्हणाली. "आत्ताच. तोंडावर बोलवेना गं, म्हणून इथे."