चंदगड, वरनं बघितलेलं

"आता वर्षाराणीचं गाव! फिरीव की माऊस," शिवानी म्हणाली.

राजारामपुरीतल्या त्या पतसंस्थेत नुकतंच इंटरनेट आलं होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जणी संगणकाभोवती गोळा व्हायच्या आणि आभाळातून पृथ्वी बघायच्या. शिवानीच्या बंगल्याची गच्ची झाली, रंकाळा झाला, पन्हाळा झाला. आता चंदगडची पाळी.

वर्षाराणीनं डोंगर ओलांडले, भाताची खाचरं ओलांडली. घराकडं निघालेला हात मध्येच थबकला. मातीच्या भिंती आणि छपरावर अंथरलेलं प्लास्टिक तिच्या डोळ्यांपुढं आलं. तिनं बाण काजूच्या बागेतल्या एका ऐसपैस कौलारू घरावर नेऊन ठेवला.

"हे आमचं."

"अगं बाई! केवढं मोठं हाय!"

"वर्षा..." दारातून हाक आली.

दवाखान्याच्या कामानं कोल्हापुरात आलेले तिचे वडील, आकाराम, काजूची पिशवी घेऊन उभे होते. कधीपासून, कोण जाणे. ते कौलारू घर गावचे बागायतदार सयाजीराव यांचं. आकाराम तिथं सालगडी होते. वर्षाराणीच्या तोंडचं पाणी पळालं.

"या मामा! तुमचंच घर बघाय लागलोय. हेच न्हवं?" शिवानीनं खुर्ची पुढं सरकवली.

आकाराम वाकून पडद्याकडं बघत राहिले. मग त्यांनी बोट ठेवलं. "व्हय. ह्यो गोठा. ही काजूची झाडं म्याच लावल्यात. समदा जलम हितंच गेला की."

त्यात एक शब्द खोटा नव्हता. वर्षाराणीला मान वर करवेना.

ते लगेच निघाले. जिन्यात तिनं त्यांना गाठलं. "आप्पा, च्या तरी घ्या."

"नगं. गाडी चुकंल." दोन पायऱ्या उतरून ते वळले. "काजू दे तुझ्या मैतरणींस्नी. आपल्या घरामागच्या परड्यातलं हाईत."

वर आली तेव्हा बाकीच्या आपापल्या जागी गेल्या होत्या. ती संगणकापुढं बसली. बाण कौलारू घरावरून उचलून ओढ्यापलीकडं नेला, गावाच्या टोकाला. खूप वेळ बघितलं. मग तिनं हाक मारली.

"शिवानी, मगाशी खोटं बोललो मी. ते घर आमचं न्हवं. तिथं आप्पा कामाला हाईत. आमचं हे हितं."

शिवानी वाकली. "अगं, हितं तर नुसता ढग दिसतोय."

"व्हय. त्याच्याखाली हाय."

ढगाची सावली तेवढी शेजारच्या खाचरावर पडली होती.