मापाच्या कागदावरचा चेहरा

ते साल एकोणीसशे बाहत्तर. माझी मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती, आणि सासऱ्यांच्या दुकानात मापं घ्यायचं काम माझ्याकडे आलं होतं.

दुकान मापाच्या बुटांचं. तयार बूट आम्ही ठेवत नसू. गिऱ्हाईक यायचं, बाकावर बसून बूट-मोजे काढायचं आणि जमिनीवर पसरलेल्या खाकी कागदावर उभं राहायचं. मग पेन्सिल सरळ धरून पावलाभोवती रेघ फिरवायची. मामंजींचे गुडघे वाकेनासे झाले होते. सासूबाई म्हणायच्या, "परक्यांच्या पायाशी बसायचं वय गेलं माझं." माझे यजमान चामडं आणायला सदा फिरतीवर. राहिले मी.

नुसती रेघ काढून भागायचं नाही. पाऊल कुठे दुखतंय ते विचारून आत खुणा करायच्या. भोवरी असेल तिथे बारीकसा गोल, नख टोचत असेल तिथे फुली, आणि हाड वर आलं असेल तिथे शेजारी शेजारी दोन जाड वाकड्या रेघा. अशा दोन रेघा दिसल्या की मामंजी लाकडी साच्यावर त्याच जागी चामड्याचा तुकडा चिकटवायचे, म्हणजे बुटात तेवढी जास्तीची जागा सुटायची. त्यांनी हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. वर बजावलंही होतं, "सूनबाई, कागदावर जे असेल ते मी बुटात घालणार. मला पाय दिसत नाही, कागद दिसतो."

आता माझ्या खोडीबद्दल. चित्रकला मी शिकले नाही. हात शिवशिवायचा, एवढंच. माहेरी जुन्या कॅलेंडरच्या पाठी चित्रांनी भरून टाकायची, तिथे कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. लग्नानंतर मात्र मला लाज वाटायला लागली. घरात कुणी रागावलं असतं असं नाही. पण कुणी "काय करतेस गं?" असं विचारलं असतं, तर "चित्र काढतेय" हे उत्तर माझं मलाच बावळट वाटलं असतं. बाळाची आई, घरची सून, भांडी पडलेली, आणि ही बसलीय काकडी कापणाऱ्या सासूचा हात काढत! दूध तापेपर्यंत वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी गिरवायचं आणि चाहूल लागली की चोळामोळा करून टाकायचा, अशी माझी तऱ्हा.

दुकानात मात्र मला हक्काची वेळ सापडली. पावलाचं माप झालं की गिऱ्हाईक मामंजींशी बोलत उभं राहायचं, चामड्याचा रंग, टाचेची उंची, नाडी की बक्कल. मी तिथेच खाली, बुटक्या स्टुलावर, मांडीवर कागद घेऊन खुणा करत बसलेली. सगळ्यांना वाटायचं मी खुणाच करतेय. मी पावलाच्या आकृतीत हलक्या हातानं त्या माणसाचा चेहरा काढायची. खालून माणूस फार वेगळा दिसतो. समोरच्यासाठी त्यानं चेहरा नीट धरलेला असतो, पण खालच्या बाजूचं भान त्याला राहत नाही. नाकपुड्या, हनुवटीखालचा सैल भाग, चष्म्याखालून दिसणारे थकलेले डोळे. गिऱ्हाईक गेलं की मी रबरानं सगळं पुसायची आणि कागद खिळ्याला अडकवायची. पुसताना जीव हळहळायचा, पण पुसायची.

त्या वर्षी हिवाळ्यात मोठ्या बाई आल्या. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. माझी धाकटी नणंद त्यांच्याच शाळेत शेवटच्या वर्गात होती. त्या नुसत्या व्हरांड्यातून चालत गेल्या तरी वर्ग चिडीचूप व्हायचे, असं ती सांगायची. ताठ मान, ताठ पाठ, आवाज कधी चढलेला नाही. "बाईंना लहानपणी फळ्यावर ठोकून वाळत घातलं असणार," नणंद म्हणायची आणि आम्ही तोंडावर पदर धरून हसायचो.

त्यांनी दार लोटून घ्यायला सांगितलं. मग बाकावर बसून उजवा बूट काढला, मोजा काढला. डाव्याला मात्र फार वेळ लागला. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे, मी काढते." डाव्या पायाची बोटं एकावर एक चढलेली होती आणि चवडा सुजून तांबडा झाला होता.

"शनिवारी बक्षीस समारंभ आहे," त्या मामंजींना म्हणाल्या. "संस्थेची सगळी मंडळी येणार. मला संध्याकाळभर मंचावर उभं राहायचंय. बसले तर म्हणतील, बाई आता थकल्या. तसं म्हणायला टपलेलीच आहेत दोघं-तिघं."

"उभ्या राहाल," मामंजी म्हणाले. "माझी हमी."

त्या कागदावर उभ्या राहिल्या. डाव्या पायावर भार आला, आणि एका क्षणापुरता त्यांचा चेहरा सुटला. डोळे गच्च मिटले, खालचा ओठ लोंबला, हनुवटी छातीकडे ओढली गेली. लगेच पुन्हा होत्या तशा झाल्या. मामंजी तेव्हा चामड्याच्या गुंडाळ्यांकडे वळलेले होते. ते पाहिलं फक्त मी.

मी माप घेतलं, बोटांच्या खुणा केल्या, आणि मग हात थांबेना. डाव्या पावलाच्या आकृतीत तो चेहरा उतरला. असं माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं. मिटलेली डावी पापणी तर अशी आली की मी स्वतःच दचकले. शेवटी हनुवटीखालच्या दोन वळ्या मी जरा दाबून काढल्या.

बाई गेल्यावर रबर हातात घेतलं आणि पुन्हा ठेवून दिलं. म्हटलं, जेवणं झाली की दुसऱ्या कागदावर उतरवून घेऊ, मग पुसू. तेवढ्यात सासूबाईंनी मागच्या घरातून हाक मारली, पोरीचं अंग तापलंय. तिला घेऊन दवाखान्यात गेले. परत येऊन पाहते तर खिळ्यावर कागद नाही. काम घाईचं, म्हणून मामंजींनी तो घेऊन साचा तयार करायला सुरुवातही केली होती. कागद त्यांच्या गुडघ्याशी पडला होता. ते साचा घासत राहिले. त्यांच्या अधू नजरेला ती फिक्या पेन्सिलीची रेघ दिसली नसावी, किंवा दिसली तरी ती त्यांच्या कामाची नव्हती. मी समजले, सुटले.

बूट शनिवारी दुपारी तयार झाले. घालून बघायला वेळच नव्हता, शाळेचा शिपाई येऊन घेऊन गेला. संध्याकाळी नणंद समारंभाहून आली ती धापा टाकतच.

"वहिनी, मोठ्या बाई मंचावर खाली बसल्या! खुर्चीत नाही गं, पायरीवर! मधेच, बक्षिसं चालू असताना. एक बूट काढून ठेवला बाजूला, सगळ्यांसमोर. आणि मग ते संस्थेचे जाडे गृहस्थ आहेत ना, त्यांनी उरलेली बक्षिसं वाटली."

मामंजींनी ताट बाजूला सारलं. "माझा बूट?" एवढंच म्हणाले.

सोमवारी बाई दुकानात आल्या, पायात जुने बूट, हातात नव्या बुटांची पिशवी. आम्ही सगळे दुकानातच होतो. यजमानही आदल्या दिवशी परतले होते.

"यात माझा पाय पुढे घसरतो," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच. "मधे सैल आहे, आणि सगळा भार बोटांवर येतो. तुम्ही हमी दिली होती."

मामंजींनी बूट घेतला, आत हात घातला, अंगठ्यानं चाचपत राहिले. त्यांचा चेहरा मला बघवेना. चाळीस वर्षांच्या हातावरचा त्यांचा विश्वास तिथे माझ्यासमोर ढळत होता. "इथे मी जागा सोडलीय," ते म्हणाले. "मुद्दाम सोडलीय. तळव्याच्या मधे हाड वर आलंय ना तुमचं?"

"माझ्या तळव्याला काहीही नाही."

"कागदावर आहे. सूनबाई, कागद काढ."

मला तेव्हा कळलं. कागद ओढताना तो खिळ्यावरच थोडा फाटला. मामंजींनी तो फळीवर पसरून बोट ठेवलं. "ह्या बघा. दोन रेघा. हाडाची खूण."

बाईंनी चष्मा लावला आणि वाकून बघितलं. मग कागद आपल्याकडे फिरवला.

"हाड नाही हे," त्या म्हणाल्या. "हनुवटी आहे. आणि माझी आहे."

नणंद मामंजींच्या खांद्यावरून डोकावली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई! हुबेहूब!" आणि मग एक हसू फुटलं ते तिला आवरेचना. सासूबाईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि माझ्याकडे वळल्या. "पाय मोजायला बसवलं, तर ही थोबाडं मोजत बसली! कुणाच्या घरची सून असं करते? आं?"

जमीन दुभंगावी असं आपण सहज म्हणतो. मला त्या दिवशी खरोखर फरशीची फट दिसत होती आणि तिच्यात आपण मावणार नाही याचं दुःख होत होतं.

मोठ्या बाई माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या कागदावरून नजर न काढता म्हणाल्या, "डॉक्टर सोडला तर कुणासमोर मी हा मोजा काढला नव्हता. इथे काढला. दार लावून घेतलं होतं." मग म्हणाल्या, "मी अशी दिसते, हे मला ठाऊक नव्हतं."

मामंजींनी मला रबर आणायला सांगितलं. मी त्या फळीवर, सगळ्यांसमोर, तो चेहरा पुसायला घेतला. रबराचा चुरा फुंकायचीही हिंमत नव्हती, हातानंच बाजूला करत होते. कपाळ गेलं, नाक गेलं. आणि त्या घटकेला माझ्या मनात काय होतं? बाईंचा पाय नव्हता, भरल्या सभेत पायरीवर बसलेली बाई नव्हती, मामंजींची हमी नव्हती. ती डावी पापणी आता परत जमणार नाही, एवढंच होतं. पुसताना मी ती सर्वांत शेवटी ठेवली. ते बाईंनी पाहिलं. माझी खात्री आहे, पाहिलं.

"माप परत घेऊ," मामंजी म्हणाले. "पैसे नकोत. आणि आता मी स्वतः घेतो." ते फळीला धरून खाली बसायला लागले, गुडघ्यानं कट्टकन आवाज केला आणि ते अर्ध्यातच अडकले. यजमानांनी त्यांना धरून उठवलं.

"तिलाच घेऊ द्या," बाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा मोजा काढला. मी नवा कागद पसरला. त्या उभ्या राहिल्या तेव्हा डाव्या पायाच्या शिरा ताठल्या, बोटं कागदाला चिकटली. मी पेन्सिल फिरवत राहिले, मान खाली.

"कुठे दुखतं ते विचारायचं असतं ना?" वरून आवाज आला.

"हो बाई."

"मग विचार. आणि विचारताना माणसाकडे बघावं."

मला वर बघता आलं नाही. मी त्यांच्या घोट्याला विचारलं, आणि त्या सांगत गेल्या, इथे, इथे, इथेही. मी खुणा करत गेले. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, दया होती, की तीच वेदना होती, मला आजतागायत माहीत नाही.

रात्री यजमान म्हणाले, "तुला आवडतं तर सांगायचं ना. मी चांगला कागद आणला असता." त्यांनी मायेनंच म्हटलं होतं. मला मात्र आणखी लाज वाटली. ज्याची मी एवढी चोरी केली ते नुसतं मागितलं असतं तरी मिळालं असतं.

मामंजींनी ते बूट पुरे केले, पण हमी द्यायचं त्यांनी सोडून दिलं. नंतर दोन वर्षांत कामातून हात काढून घेतला आणि दाराशी खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चाल बघत बसायचे. गेले ते झोपेतच. सासूबाई त्यांच्यानंतर पुष्कळ जगल्या, आणि पाहुणे आले की ही गोष्ट रंगवून सांगायच्या, दर वेळी हनुवटीच्या वळ्या वाढवून. शेवटच्या आजारात एकदा म्हणाल्या, "माझं काढ की गं एखादं. पण वरून काढ." ते मी काढलं, पण त्यात सासूबाई नव्हत्या, एक म्हातारी होती.

नणंद शिक्षिका झाली. पहिल्याच वर्षी पोरींनी फळ्यावर तिचं व्यंगचित्र काढलं, तेव्हा तिनं मला चिठ्ठी पाठवली: "वहिनी, आता कळलं." यजमानांनी दुकान तयार बुटांचं केलं. मापाचा कागद बंद झाला. तेही आता नाहीत.

मोठ्या बाईंना समारंभानंतरच्या उन्हाळ्यातच निवृत्त केलं. समारंभामुळेच, असं कुणी बोललं नाही, पण जाड्या गृहस्थांची भाची त्या खुर्चीत आली. बाई बहिणीकडे राहायला गेल्या. आमचे बूट त्यांना नीट बसले होते, असं शिपाई सांगत होता. मला त्या पुन्हा भेटल्या नाहीत.

मी अजून काढते. रोज काढते, उघड्यावर, मुलीनं आणून दिलेल्या जाड कागदावर. आधी विचारते. लोक हो म्हणतात, केस नीट करतात, मान सरळ करून बसतात. चेहरे चांगले येतात, घेऊनही जातात. त्या पापणीसारखं काही मात्र मला पुन्हा साधलं नाही. मोठ्या बाईंची आठवण आली की आधी ती पापणी आठवते आणि मग बाई, आणि हे लिहितानाही मला लाज वाटते.