रिंग बसतेय

"काय बघताव?" मी विचारलं.

"व्हडी," हे म्हणाले.

समुद्रावर एकही होडी नव्हती. बंदरावरून आमच्या घराकडे येणारी चढण, तिच्या मध्यावर विजेचा खांब, आणि त्या खांबाला धरून आमचे हे उभे. दुसरा हात शर्टाच्या आत. इंजिनाचे अवजड भाग खांद्यावर टाकून जो ही चढण आयुष्यभर चढला, त्याला आता होडी बघायला थांबावं लागतं! मला काय वेडी समजतो हा माणूस?

"छातीत दुखतंय न्हवं?"

"दुखत न्हाय गो. घट्ट वाटतंय. रिंग बसतेय."

झालं. पुन्हा तेच.

आमच्या ह्यांचं नाव बुधाजी. मुरुडच्या अलीकडच्या आमच्या बंदरात होड्यांची इंजिनं ह्यांच्याच हाताखालून जायची. गेल्या पावसाळ्यात छातीत कळ आली म्हणून पनवेलला नेलं. हृदयाची नळी आतून बुजली होती, ती फुगवून तिच्यात तारेची बारीक जाळी बसवली. डॉक्टर तिला स्टेंट म्हणाले. पण वॉर्डातली सिस्टर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "बाबांना रिंग टाकलीय." तिथेच सगळा घोळ झाला.

ह्यांच्या धंद्यात रिंग म्हणजे पिस्टनची रिंग. जुनं इंजिन धूर ओकायला लागलं की ते उघडायचं आणि नवी रिंग टाकायची. नव्या रिंगेचं इंजिन सुरुवातीला घट्ट चालतं, तापतं. तेव्हा घाबरायचं नाही आणि बंद तर मुळीच ठेवायचं नाही. चालवत राहिलं की रिंग आपोआप बसते, इंजिन मोकळं होतं. हे ज्ञान ह्यांनी सरळ स्वतःच्या काळजाला लावलं!

डॉक्टरांनी तर माझ्यासमोर, मुलीसमोर स्पष्ट सांगितलं होतं. जाळीच्या आतसुद्धा मांस वाढतं, नळी पुन्हा आवळू शकते. पहिल्यासारखं दुखलं की घरी बसायचं नाही, लगेच यायचं. मी मान हलवली, हेमालीने मान हलवली. हे सिस्टरला विचारत होते, रिंग कुठल्या कंपनीची.

दिवाळीत हे चढणीवर थांबायला लागले. होळीच्या सुमारास विहिरीवरून घरात येतानाच थांबायला लागले. आणि थांबले की दुसऱ्या दिवशी मुद्दाम जास्तीची खेप चढायचे, मोकळं करायला! मी ओरडायचे, रुसायचे, जेवण वाढून पाठ फिरवायचे. काही उपयोग नाही. गोळ्या मात्र वेळेवर घ्यायचे, ऑइल बदलल्यासारख्या. रात्री मी ह्यांचा श्वास ऐकत पडून राहायचे. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

माणगावहून हेमालीचा फोन आला.

"बाबा, पनवेलला कधी जाताय?"

"जाव, जाव. अनंताची व्हडी तेवढी पान्यात टाकतंव."

"अनंतकाकांना दुसरा मेकॅनिक मिळेल. मला बाप कुठून मिळणार?"

हे हसले आणि फोन माझ्याकडे दिला. हसताना ह्यांचे ओठ जांभळट दिसले. मी हेमालीला काही बोलले नाही. पोरगी तिकडे एकटी रडत बसली असती.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. सकाळी हे खाटेवर बसून शर्टाची बटणं लावत होते. मधेच हात थांबला.

"मैने, पंखा लाव गो."

पंखा सुरूच होता.

मी वाद घातला नाही. धावत बंदरावर जाऊन अनंताला हाक मारली. त्याने होडी तशीच टाकली आणि एका रिक्षावाल्याला घेऊन आला. ह्यांना आम्ही दोघांनी मधे बसवलं. अंगाला घामाचा गारवा, शर्ट पाठीला चिकटलेला. वळणावर ह्यांनी माझं मनगट धरलं.

"रिंग न्हाय गो बसत ती."

"काय?"

"मना ठावं व्हतं. इंजिन ठोका मारतंय, ते कानाला कलतं ना. पन परत टेबलावर घेतील, परत मांडीतून ती नली आत सारतील... भ्यालो गो मी."

भर तुफानात बंद पडलेलं इंजिन उघडून बसलेला हा माणूस! लग्नापासून ह्यांच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. माझा संताप झाला, त्याहून जास्त माया आली.

"मंग आता सांगताव?" एवढंच म्हणाले आणि ह्यांचं डोकं छातीशी धरलं.

"आता कलला तुना," हे पुटपुटले. नंतर बोलले नाहीत.

सरकारी दवाखान्यात ह्यांना खाटेवर निजवलं. डॉक्टर पलीकडच्या खोलीत होते. तरुण सिस्टरने ह्यांच्या बोटाला चिमट्यासारखं छोटं यंत्र लावलं, बघितलं, दुसऱ्या बोटाला लावलं.

"मावशी, नखं काळी आहेत हो, ऑइल बसलंय. ऑक्सिजनचा आकडा दिसत नाही. जरा पुसता का? मी डॉक्टरांना आणते," म्हणत ती धावली.

मी पदराला थुंकी लावली आणि घासायला लागले. ऑइल कसलं निघतंय! नखाच्या कडेला, कातडीच्या भेगांत, सगळीकडे मुरलेलं. घासून घासून एक नख पांढरं केलं. ह्यांचा हात इतका निमूट माझ्या हातात कधी राहिला नव्हता.

डॉक्टर आले. मला बाजूला करून त्यांनी ह्यांची छाती दाबायला सुरुवात केली. अनंता दाराशी उभा राहून देवाचं नाव घेत होता. डॉक्टर बराच वेळ दाबत राहिले, मग थांबले. सिस्टरने चिमटा त्या साफ केलेल्या बोटाला लावला आणि डॉक्टरांकडे बघितलं.

"आला का आकडा?" मी विचारलं.

सिस्टरने चिमटा काढून खिशात ठेवला. अनंता पुढे आला, "वहिनी, चला," म्हणाला.

"थांब रे," मी त्याला म्हणाले. "एकच बोट पुसलाय."

आणि मी ह्यांचं पुढचं बोट हातात घेतलं.