एक जून

“नीलांबरी इंडियाहून कधी परत आली?” डेबीने विचारलं. डेबी म्हणजे दवाखान्याची मॅनेजर. तिचा आवाज एरवीही मऊच, पण तो फारच मऊ झाला की समोरच्याने सावध व्हावं.

“मागच्या महिन्यात,” सुलभा म्हणाली.

“ती गेलीच नव्हती.”

सुलभाला हसू आलं. नीलांबरी तिची जिवलग मैत्रीण आणि इथलीच पेशंट. भाच्याच्या मुंजीला ती नाशिकला जाऊन आली होती. येताना सुलभासाठी मेतकूटही घेऊन आली होती. डेबीचाच काहीतरी घोळ झाला असणार.

टेक्सासमधल्या प्लेनो गावातल्या त्या दवाखान्यात पेशंटांच्या नेहमीच्या गोळ्यांचं काम सुलभाकडे होतं. फार्मसीकडून रिफिलची मागणी आली की ती तपासायची आणि डॉक्टरांच्या सहीला ठेवायची. कोणी लांबच्या प्रवासाला निघालं तर त्याला पुढच्या गोळ्या आधीच मिळत. त्यासाठी ‘पेशंट प्रवासाला जात आहे’ अशी नोंद करावी लागे, आणि ती सुलभाच्या नावावर पडे. उमेदीची सगळी वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर घरी बसून काढल्यावर, ग्रीन कार्ड आल्यानंतर मिळालेली ही तिची पहिली नोकरी. गळ्यातल्या बिल्ल्यावर तिचं एकटीचं नाव होतं. घरी आल्यावरही ती तो लवकर काढत नसे. “मंगळसूत्राची सुट्टी झाली वाटतं,” म्हणून तिचा नवरा यतीन चिडवायचा.

फोनवर कोणीही असो, आधी जन्मतारीख विचारायची आणि मगच बोलायचं, असा तिथला नियम. आपल्या माणसांना विचारायला मात्र सुलभाची जीभ रेटत नसे. आणि नीलांबरीला काय विचारायचं? तिच्या दोन्ही जन्मतारखा सुलभाला पाठ होत्या. पासपोर्टवरची एक जून, शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली. आणि खरा जन्म कोजागिरीचा. दरवर्षी सुलभाच्या घरामागच्या डेकवर केशराचं दूध आटायचं, आणि चंद्र वर आला की ती नीलांबरीला ओवाळायची.

डेबीने सगळं सांगितलं. नीलांबरीच्या सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. मुक्काम लांबला आणि त्यांच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या संपल्या. नीलांबरीलाही ब्लड प्रेशर होतं; तिने सुलभाला प्रवासाचं निमित्त सांगून स्वतःच्या नावावर जास्तीच्या गोळ्या घेतल्या आणि त्या सासूबाईंना सुरू केल्या. त्यांना तो डोस जड गेला. चक्कर येऊन त्या पडल्या, अँब्युलन्स बोलवावी लागली. आता त्या बऱ्या होत्या. पण हॉस्पिटलने बाटलीवरचं नाव वाचून इथे फोन केला होता.

“ती म्हणते, ही युक्ती तूच सुचवलीस.”

सुलभाने पार्किंगमध्ये, गाडीत बसून फोन लावला.

“नीलू, तू नाशिकला गेलीच नव्हतीस?”

“अगं यार, ऐक ना. आईंचा इन्शुरन्स जुनं दुखणं कव्हरच करत नाही. तुला खरं सांगितलं असतं तर तू केलं असतंस?”

“नसतं केलं. डॉक्टरांशी बोलून काहीतरी मार्ग काढला असता.”

“तेच तर!”

“आणि ते मेतकूट?”

“...इथल्याच इंडियन स्टोअरमधलं.”

नाशिकची चव ती नाशिकचीच, असं म्हणत सुलभाने ते यतीनला आठवडाभर भातावर वाढलं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

“पण माझं नाव का घेतलंस गं?”

“मी पॅनिक झाले. ते लोक एकामागून एक प्रश्न विचारत होते. वाटलं, तू तिथलीच आहेस, तुला सांभाळून घेतील. आपलं माणूस म्हणूनच घेतलं ना नाव!”

सुलभाने फोन ठेवला. केसाने गळा कापायचा तर आधी गळ्यात पडावं लागतं, परक्याला ते कुठून जमणार? ती स्टीअरिंगवर डोकं टेकून खूप रडली. मग तोंड पुसून आत गेली, कारण लंच ब्रेक संपला होता.

नोकरी राहिली. “माझा तुझ्यावर विश्वास आहे,” डेबी म्हणाली, “पण नोंद तुझ्या नावावर आहे.” रिफिलचं काम दुसरीकडे गेलं आणि सुलभा दाराजवळच्या खिडकीत बसू लागली. आलेल्याचं नाव विचारायचं, जन्मतारीख विचारायची आणि त्याला बसायला सांगायचं, एवढंच काम. बिल्ला तोच होता. आता घरी पोचल्याबरोबर ती तो काढून ठेवायची.

नीलांबरीला आता दर रिफिलला डॉक्टरांसमोर यावं लागणार होतं. ऑक्टोबरात ती आली. हातातला स्टीलचा डबा तिने काउंटरवर ठेवला.

“सुलू, राग गेला का गं? बेसनाचे लाडू आणलेत. आणि कोजागिरीला दूध मी आणू, की तू...”

“नाव?” सुलभाने विचारलं.

नीलांबरी हसली. सुलभा हसली नाही. मागे दोन माणसं उभी होती. नीलांबरीने नाव सांगितलं, आडनावासकट.

“जन्मतारीख?”

नीलांबरीने डबा काउंटरवरून उचलून पोटाशी धरला. 

“एक जून,” ती हळूच म्हणाली आणि साल सांगितलं.

सुलभाने ते टाइप केलं. स्क्रीनवरच्या तारखेशी जुळत होतं.

“बसा,” ती म्हणाली आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.