शिडाचं पोट

त्या मोसमात नाव काही केल्या ताळ्यावर येईना. शर्यतीची छोटी कॅटामरान ती. दोन निमुळते तळ, मध्ये ताणलेली जाळी आणि वर उंच डोलकाठी. धाकटी सुकाणू धरायची. तिचा थोरला भाऊ कंबरेच्या पट्ट्यात तार अडकवून पाण्यावर बाहेर झुकायचा आणि आपल्या वजनानं नाव दाबून धरायचा. दोघांची लग्नं झाली, संसार मार्गी लागले, पण ही जोडी काही फुटली नव्हती.

आता मात्र वारा जरा चढला की एका बाजूचा तळ पाणी सोडून वर यायचा आणि धाकटीला शिडाचा दोर सैल करून वेग घालवावा लागायचा.

“काठीचंच काहीतरी बिनसलंय,” ती म्हणाली आणि हात धुऊन काठीच्या मागे लागली.

शेडमध्ये काठी आडवी ठेवून तिनं बाजूच्या तारा पिळल्या. तारा आवळल्या की काठी मध्ये वाकते, शिडाचं पोट सपाट होतं, वारा कमी धरला जातो. दादा उलट्या बादलीवर बसून नट आवळायचे पाने हातात देत होता.

“किती पोट आत घेशील? शीड उपाशी मरेल हं.”

“तुझं पोट कुठं गेलं ते बघ आधी!”

“तुझ्या वहिनीनं गोड बंद केलंय ना माझं.”

धाकटी हसली. पुन्हा तारा आवळल्या, काठी थोडी मागे कलवली, शिडातल्या पट्ट्या बदलल्या. दर वेळी नाव आठवडाभर नीट चालायची आणि मग पुन्हा उधळायची. ती रडकुंडीला आली.

शर्यतीच्या दिवशी वारा काही फार नव्हता. वळणावर तळ उचलला गेला, दादा तारेवर पूर्ण ताणला गेला होता, तरी नाव थांबली नाही. उलटली.

नाव सरळ करणं त्यांना नवं नव्हतं. खालच्या तळावर उभं राहायचं, दोर धरून मागे रेलायचं, की वजनानं काठी पाण्यातून वर येते. दोघं रेलले. काठी जागची हलेना. “अजून मागे ये, दादा!” ती ओरडली आणि आपला भार घालायला तिनं त्याला मागून कवेत घेतलं.

पाण्यात घालायच्या जाड सुटाच्या आत माणूस जवळजवळ नव्हताच. तिच्या हातांना बरगड्या लागल्या, एकेक, सुट्या.

तिनं दोर सोडून दिला. दोघं पाण्यात पडले आणि नावेला धरून तरंगत राहिले.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“थंडीपासून. यकृतात आहे. पसरलंय.”

“वहिनीला?”

“ठाऊक आहे. मीच शपथ घातली होती.”

“आणि मी तारा पिळत बसले! बोलला का नाहीस?”

त्याचे दात वाजत होते. “डॉक्टरांनी हात टेकले गं. तू तेवढी रोज काहीतरी करून बघत होतीस. बरं वाटायचं.”

मदतीची बोट आली. दोन धिप्पाड माणसांनी एका झटक्यात नाव उभी केली. शीड पाणी निथळत फडफडलं, आणि किनाऱ्यावरच्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

दादा पुढे फार टिकला नाही. शेवटी शेवटी त्याला कूस बदलायलाही माणूस लागायचा. धाकटी ते एकटी करायची. वहिनीला बोलवायची गरज पडत नसे, इतका तो हलका झाला होता. एका दुपारी त्यानं डोळे न उघडताच विचारलं, “वारा कसाय?”

खिडकीबाहेर झाडं वाकत होती.

“पडलाय,” ती म्हणाली.