दुपारचं पाणी

सिस्टर उलेमूने तपासणीच्या कॅमेऱ्याचा पडदा म्हाताऱ्या फालेसीकडे वळवला.

"बघा आजी, हे वाळूसारखं दिसतंय ना, ते किड्यांच्या अंड्यांमुळे. तुमच्या भाचीच्या गर्भाशयाच्या तोंडावर आहे."

भाचीला, तामांडाला, फालेसीनेच दवाखान्यात ओढून आणलं होतं. लग्नाला चार वर्षं झाली, कूस रिकामी, नवरा जवळ आला की रक्त. गुप्तरोगाच्या गोळ्या दोनदा खाऊनही गुण नाही. नवरा लिंबानी स्वतःला तपासून घेऊन आला, त्याला काहीच नव्हतं. मग बाहेरचा कोण, एवढंच गाव विचारत होतं. घरजावई लिंबानी आपली मासेमारीची जाळी बांधून निघायच्या तयारीत होता.

"कुणाकडून आलं?" फालेसीने विचारलं.

"माणसाकडून नाही, सरोवरातून. लव्हाळ्यातल्या गोगलगाईंतून किडे पाण्यात सुटतात आणि कातडीतून आत शिरतात. ऊन चढलं की जास्तच. लहानपणी ही फार वेळ पाण्यात बसायची का?"

तामांडाने फालेसीकडे पाहिलं.

तिला पाण्यात बसवणारी फालेसीच होती. गावातली मुलगी न्हाती झाली की तिच्याच हाती सोपवत. पुरुष झोपलेले असताना, भर दुपारी, लव्हाळ्याच्या आडोशाला ती मुलींना कमरेएवढ्या पाण्यात बसवी. सात दिवस, आतूनबाहेरून निर्मळ व्हावं म्हणून. तामांडा घरचीच, तेव्हा तिला सगळ्यांत जास्त वेळ. उगाच कुणी बोट दाखवायला नको.

"औषध असेल ना, बाई?"

"आहे. किडे मरतील. झालेली इजा भरून येईलच असं नाही."

संध्याकाळी दोन्ही घरं चटईवर बोलणी करायला बसली तेव्हा लिंबानीचा मामा बिझिवेकी घसा खाकरून म्हणाला, "आम्हाला भांडण नको. त्या माणसाचं नाव सांगा, आम्ही आमचा मुलगा घेऊन जातो."

फालेसी गप्प बसली असती तर भाचीचं नाव गेलं असतं, तिचं स्वतःचं राहिलं असतं.

"माणूस नाही," ती म्हणाली. "मी."

"थट्टा करता काय म्हातारपणी?"

तिने दवाखान्यातलं सगळं सांगितलं. गोगलगाई, पाणी, सात दुपारी. लिंबानीने तामांडाकडे पाहिलं.

मागे बसलेल्या बायकांतली एक पोटावर हात धरून हळूच उठली.

"मावशी," ती म्हणाली, "मलाही तुम्हीच बसवलं होतं."